कर्णपुनर्रचना, जन्मजात विकृतींतील (लातूर व नांदेड)

बाह्यकर्ण जन्मतः अपुरा, वेडावाकडा किंवा मुळीच नसल्यास शस्त्रक्रियेने तो घडविण्याच्या तंत्राला कर्णपुनर्रचना म्हणतात. या शस्त्रक्रियेने दिसणारा कान मिळतो. ऐकू येणे हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचा निराळा विचार करावा लागतो. घरचे लोक बहुधा दोन्ही एकच समजून दवाखान्यात येतात. हा गैरसमज पहिल्याच भेटीत दूर झाला नाही, तर उत्तम जमलेला कानही पुढे त्यांना फसवणूक वाटू लागतो.

प्रकार व कारणे : कानापुढे मांसाचे बोंड असणे किंवा बारीक छिद्र असणे हे दोष पुष्कळ आढळतात आणि ते किरकोळ असतात. आतली घडी न पडल्याने कान बाहेर पसरलेला दिसणे, वरचा भाग खाली मुडपलेला असणे किंवा कातडीखाली दबलेला असणे हे मधले प्रकार होत. खरी पुनर्रचना लागते ती मायक्रोशियात, म्हणजे कान खुरटलेला असताना, आणि ॲनोशियात, म्हणजे तो मुळीच नसताना. निरनिराळ्या देशांतील नोंदींप्रमाणे दहा हजार जन्मांमागे सुमारे १ पासून १७ पर्यंत मुलांत हा दोष आढळतो. उजवी बाजू आणि मुलगे यांचे प्रमाण अधिक असते. बहुतेकांत एकच कान बाधित असतो. त्याच बाजूचा जबडा आणि गाल लहान असल्यास तो चेहऱ्याच्या व्यापक दोषाचा भाग समजावा आणि मूत्रपिंडे व मणके तपासून घ्यावेत.

हेरमान मार्क्स यांनी १९२६ मध्ये केलेली श्रेणींची विभागणी अजून शिकवली जाते. शस्त्रक्रिया करणाऱ्याला मात्र सातोरू नागाता यांचे वर्गीकरण अधिक कामाचे वाटते, कारण त्यात पाळी उरली आहे की कानाची वाटी उरली आहे यावरून पुढचा छेद ठरतो.

गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात गळ्याच्या भागातील पहिल्या दोन कमानींवर सहा उंचवटे येतात आणि ते जुळून बाह्यकर्ण तयार होतो. या काळात थॅलिडोमाइड किंवा मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन पोटात गेल्यास कान बिघडू शकतो, हे सिद्ध आहे. बहुतेक मुलांत मात्र कारण सापडत नाही. नात्यातल्या लग्नांशी, विशेषतः मामा-भाचीच्या लग्नाशी, याचा संबंध जोडला जातो. त्याबाबत ठाम विधान टाळलेले बरे. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले म्हणून मुलाचा कान तुटला, ही समजूत दोन्ही जिल्ह्यांत अजून ऐकू येते. कान घडतो त्या आठवड्यांत पुष्कळ जणींना दिवस गेल्याचेही नीट कळलेले नसते. तरी दोष सुनेच्या माथी मारला जातो.

इतिहास : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कर्णसंधानाचे पंधरा प्रकार दिले आहेत. त्यांपैकी गण्डकर्णात गालाची कातडी वळवून पाळी करण्याचे वर्णन आहे. या अध्यायाचा रोख टोचून रुंदावलेल्या आणि फाटलेल्या पाळीवर आहे. जन्मतः नसलेला कान त्याच्या कक्षेत येत नाही. ‘आपल्याकडे हे सगळे होतेच’ असे म्हणणाऱ्यांनी तो अध्याय एकदा वाचावा.

महाराष्ट्रातील सर्वांत चांगली नोंदलेली जुनी पुनर्रचना नाकाची आहे. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतील एका वैद्याने आधी मेणाचे नाक करून पाहिले. ते सपाट पसरून त्याची आकृती कपाळावर आखली आणि तेवढी कातडी खाली वळवून नाक केले. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज शल्यवैद्यांसमक्ष हे घडले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हकीकत छापून आली आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली. कानाच्या नोंदीत एवढा नाकाचा प्रपंच करण्याचे कारण तो मेणाचा नमुना. आज चांगल्या बाजूच्या कानावर पारदर्शक फिल्म ठेवून आकृती घेतात आणि ती उलटी करून कूर्चा कोरतात. आधी नमुना आणि मग छेद, हा क्रम तोच आहे.

बरगडीची कूर्चा कोरून कानामागच्या कातडीखाली ठेवण्याचा प्रयोग हॅरोल्ड गिलीज यांनी १९२० च्या सुमारास केला. पुढे त्यांनी मुलांसाठी आईची कूर्चा वापरून पाहिली, पण ती विरघळून गेली. रॅडफोर्ड टँझर यांनी १९५९ मध्ये रुग्णाच्याच बरगडीपासून केलेल्या टिकाऊ कानांचे काम मांडले आणि आधुनिक पद्धत तेथून सुरू झाली. बर्ट ब्रेंट यांनी ती चार टप्प्यांत बसवली आणि नागातांनी १९९० च्या दशकात दोन टप्प्यांवर आणली.

महाराष्ट्रात नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात गिलीज यांचे शिष्य नोशीर अंटिया (१९२२–२००७) यांनी प्लास्टिक सर्जरीचा टाटा विभाग घडवला. कुष्ठरुग्णांच्या विद्रूप झालेल्या चेहऱ्यांवर आणि हातांवर त्यांनी आयुष्यभर काम केले. कानाच्या कडेचा तुकडा गेला असेल तर उरलेली कड कूर्चेसह सरकवून फट बुजवण्याची त्यांची व त्यांचे सहकारी बूच यांची पद्धत १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती ‘अंटिया-बूच फ्लॅप’ या नावाने आहे. कान चावला गेला, कापला गेला किंवा गाठ काढावी लागली, तर ती आजही प्रथम आठवते. जन्मतः नसलेल्या कानाला तिचा उपयोग थोडा, पण मुंबईत जन्मलेले कानाचे दुसरे तंत्र प्रस्तुत नोंदकाराला ठाऊक नाही.

शस्त्रक्रिया : बरगडीच्या कूर्चेची पद्धत हीच येथे प्रमाण मानली आहे. सहाव्या ते नवव्या बरगड्यांच्या पुढच्या टोकांची कूर्चा काढतात. तिच्यातून पाया, बाहेरची गोल कड, आतली दुहेरी घडी आणि कानाच्या तोंडापुढचा उंचवटा असे भाग कोरून बारीक पोलादी तारेने शिवतात. लहान वयात कूर्चा ओल्या खोबऱ्यासारखी सुरीखाली येते. तिशीनंतर ती कडक होते, तिच्यात चुन्याचे कण साठतात आणि कोरताना ती तडकते. हा सांगाडा कातडीखाली सरकवून निचऱ्याच्या नळ्यांनी आतली हवा आणि रक्त ओढून घेतात, म्हणजे कातडी प्रत्येक खळग्यात बसते. सांगाडा कितीही सुबक असला तरी कातडी जाड असेल किंवा खाली रक्त साठले असेल, तर कान गोळा दिसतो. नागाता पद्धतीत किमान सहा महिन्यांनी दुसरा टप्पा येतो. त्यात कान डोक्यापासून उचलतात, मागे कूर्चेचा आधार देतात आणि उघड्या भागावर त्वचारोपण करतात. चष्म्याची काडी अडकते ती या टप्प्यानंतरच.

वयाबद्दल मतभेद आहेत. ब्रेंट यांच्या परंपरेत सहाव्या वर्षापासून सुरुवात करतात. नागाता दहा वर्षे पूर्ण आणि छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाशी ६० सेंमी घेर, अशी अट घालतात. मराठवाड्यातील अशक्त मुलांसाठी जन्मतारखेपेक्षा टेपवर विसंबणे शहाणपणाचे आहे. दहा वर्षांच्या मुलाचा घेर कधी कधी आठ वर्षांच्या मुलाएवढा भरतो आणि अपुऱ्या कूर्चेवर सुरू केलेला कान बुटका राहतो.

कातडी काळी पडून सांगाडा उघडा पडणे, पू होणे, फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडणे, छातीत खळगा राहणे आणि छातीवरचा व्रण जाड होणे, हे धोके आधीच सांगावेत. केसांची रेषा खाली असल्यास नव्या कानावर केस उगवतात.

सर्वांत मोठे नुकसान मात्र शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी, हौसेने होते. बारशाच्या सुमारास कान टोचण्याची रीत आहे आणि खुरटलेल्या कानाचा तेवढा गोळाही सोनाराकडून टोचून घेतला जातो. कोणी ‘वाईट दिसते’ म्हणून तो लहानपणीच कापून टाकतात, कोणी कानाचे बंद छिद्र उघडण्यासाठी आधी त्या जागी छेद घेतात. कानामागची व्रण नसलेली कातडी ही एकदाच मिळणारी पुंजी आहे. ती खर्ची पडली की कानशिलावरचे पातळ आवरण वळवून घ्यावे लागते आणि शस्त्रक्रिया दुपटीने अवघड होते.

सच्छिद्र पॉलिएथिलीनचा तयार सांगाडा जॉन राइनिश यांनी १९९१ पासून रूढ केला. त्यात बरगडी काढावी लागत नाही आणि शस्त्रक्रिया तीन-चार वर्षांच्या वयातही होते. पुढे मार लागून तो उघडा पडल्यास काय करायचे, यावर मते वेगळी आहेत.

सिलिकॉनचा कृत्रिम कान : चिकटवून किंवा हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या खुंट्यांवर लावतात, काही वर्षांनी बदलावा लागतो.

नवजाताचा साचा : घडी चुकलेला किंवा मुडपलेला कान पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मऊ साचा व चिकटपट्टी लावून शस्त्रक्रियेविना सरळ होऊ शकतो, कारण आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे कूर्चा तेवढे दिवस लवचीक असते. सहा आठवड्यांनंतर हा गुण ओसरतो. आपल्याकडे नेमके हेच दिवस बाळंतीण माहेरी सव्वा महिना काढते आणि बाळाचे कान कुंचीत झाकलेले असतात. प्रसूतीनंतर घरी सोडताना परिचारिकेने दोन्ही कान उघडून पाहिले तर पुढची एक शस्त्रक्रिया वाचू शकते. मायक्रोशियात याचा उपयोग नाही.

लातूर व नांदेड : प्लास्टिक सर्जरीत लातूरची ओळख दुभंगलेल्या ओठांच्या कामामुळे आहे. डॉ. विठ्ठल लहाने यांनी ‘स्माईल ट्रेन’ या संस्थेच्या साहाय्याने येथे ओठ व टाळूच्या मोफत शस्त्रक्रियांचे केंद्र चालवले. ‘प्लास्टिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांचे चोचले’ हा समज या भागात कमी झाला त्यात या कामाचा वाटा मोठा आहे. लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (आता विलासराव देशमुख यांच्या नावाने) २००२ चे, तर नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे आहे. ते आता विष्णुपुरी येथे आहे.

ओठाची यंत्रणा कानाला जशीच्या तशी लागू पडत नाही. ओठ तीन महिन्यांनंतर आणि टाळू साधारण वर्षाच्या आसपास शिवतात. तोवर मूल अंगणवाडीच्या वहीत असते आणि सेविकेला त्याचे घर माहीत असते. कानाचे मूल जन्मतःच ओळखू येते, पण त्याला ‘आठ-दहा वर्षांनी या’ असे सांगावे लागते. तेवढ्या काळात वही बदलते, सेविका बदलते आणि कुटुंब ऊसतोडीला गेलेले असते. पहिला टप्पा होऊन दुसऱ्यासाठी सहा महिन्यांनी बोलावले आणि ती तारीख हंगामात आली, तर कान डोक्याला चिकटलेलाच राहतो. वाट पाहायला लावणाऱ्या दोषासाठी नोंद सांभाळणारा कोणी लागतो. शल्यवैद्य मिळण्यापेक्षा तो मिळणे कठीण आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाड्या व शाळांतून मुले तपासतात. त्याच्या तीस व्याधींच्या मूळ यादीत दुभंगलेला ओठ आहे आणि जन्मजात बहिरेपणा आहे. नसलेला कान स्वतंत्रपणे नाही. पथकातील डॉक्टरला तो बहिरेपणाच्या रकान्यात घालावा लागतो आणि एका कानाने नीट ऐकणारे मूल तेथून गळते. राज्याच्या जीवनदायी योजनेच्या पहिल्या टप्प्यात जुलै २०१२ मध्ये जे आठ जिल्हे घेतले त्यांत नांदेड होते. लातूर नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. २०१७ पासून ही योजना महात्मा फुले यांच्या नावाने चालते. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या यादीत बरगडीच्या कूर्चेने कर्णपुनर्रचना हा उपचार प्लास्टिक सर्जरीच्या सदरात नोंदलेला आहे. कार्ड काढण्यापूर्वी रुग्णालय त्या सदरासाठी अंगीकृत आहे का, हे रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, विचारावे.

नांदेडच्या देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या लोकांना हैदराबाद जवळ पडते; लातूरचे लोक सोलापूर, पुणे, मुंबई गाठतात. दोन टप्पे दोन गावी करू नयेत. दुसऱ्या टप्प्यासाठीचा कूर्चेचा तुकडा पुष्कळदा पहिल्याच वेळी छातीच्या कातडीखाली ठेवलेला असतो आणि नव्या डॉक्टरला कागदावाचून ते कळत नाही.

श्रवण : कर्णनलिका बंद असली तरी आतला कान बहुधा शाबूत असतो. ऐकण्यातील घट साधारण ४० ते ६० डेसिबलची असते. दोन्ही बाजू बंद असल्यास पहिल्या काही महिन्यांतच बेरा (मेंदूच्या प्रतिसादावरून ऐकणे मोजणारी) तपासणी करून डोक्याच्या पट्ट्यावरचे हाडातून ऐकवणारे यंत्र लावावे, नाहीतर बोलणे मागे पडते. आतला कान शाबूत असल्याने कॉक्लिअर इम्प्लांट या मुलांसाठी सहसा नसते. नलिका उघडण्याची शस्त्रक्रिया निवडक मुलांतच, सीटी स्कॅन पाहून करतात. कूर्चेचा कान आधी आणि नलिका नंतर, हा क्रम बहुतेक प्लास्टिक सर्जन पाळतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांचे म्हणणे नेहमी तेच असते असे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांतील घट मोजली जात असल्याने एकाच बाजूचा दोष असलेल्याला श्रवणदोषाचे प्रमाणपत्र मिळत नाही.

संशोधन : रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून वाढवलेले कान पाच मुलांना बसवल्याचे चीनमधील काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये अमेरिकेत थ्रीडी छपाईने केलेला जिवंत पेशींचा कान एका रुग्णाला लावल्याचे जाहीर झाले.