स्पीकर व ॲम्प्लिफायर यांची जुळणी
ॲम्प्लिफायरची वॉटमधील शक्ती व स्पीकरचा ओहममधील संरोध यांचा मेळ घालणे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की एकूण संरोध ४ ओहम होतो, एकसरीत जोडले की १६. ॲम्प्लिफायरसाठी सांगितलेल्या मर्यादेखाली संरोध गेला, तर प्रवाह वाढून ॲम्प्लिफायर तापतो. संरक्षक मंडल नसल्यास ट्रान्झिस्टर जळू शकतात. वॉटची तुलना करताना सातत्याने मिळणारी शक्ती पाहावी, क्षणिक कमाल नव्हे. कमी वॉटचा ॲम्प्लिफायर स्पीकरला नेहमीच सुरक्षित, हा समज घातक आहे. असा ॲम्प्लिफायर ताणून वाजवला की तरंगांचे माथे कापले जातात आणि वाढलेल्या ऊर्जेने नाजूक ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जळतो. मोठ्या मंडपात दूरवर कर्णे लावताना १०० व्होल्टची लाइन वापरतात. तेथे प्रत्येक कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या वॉटची बेरीज ॲम्प्लिफायरच्या शक्तीपेक्षा जास्त नसावी.