लंबकाचें घड्याळ आणि गांवचा मध्यान्ह

रत्नागिरीहून निघून हातखंबा मागें टाकला आणि कोल्हापूरची वाट धरली कीं पाली गांव येतें. अक्षांश सुमारें १७, रेखांश साडेत्र्याहत्तरच्या आसपास. गांवाचा ठावठिकाणा असा आंकड्यांनीं सांगण्याची आपल्याकडे चाल नाहीं. परंतु भिंतीवर लंबकाचें घड्याळ लावावयाचें झाल्यास हे दोन आंकडे टाळतां येत नाहींत. पहिल्यावर लंबकाची लांबी ठरते आणि दुसऱ्यावर कांटे कोठें ठेवावयाचे तें ठरतें.

ह्या प्रांतांत काळ मोजण्याचें काम शतकानुशतकें पाण्यानें केलें. तांब्याच्या वाटीच्या तळाशीं बारीक भोंक पाडून ती घंगाळांतील पाण्यावर सोडली म्हणजे २४ मिनिटांत भरून बुडते. ही एक घटका. साठ पळांची घटका आणि साठ घटकांचा अहोरात्र. ‘घड्याळ’ हा शब्दहि ह्याच घटिकेच्या कुळांतला. कोंकण किनाऱ्यावरील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, ‘ग्रहलाघव’ रचला आणि पुढें कित्येक पिढ्यांचीं पंचांगें त्यावरून निघालीं, तीं ह्याच घटकापळांत. लीलावतीची आख्यायिका तर घरोघर ठाऊक आहे. घटिकापात्रांत वाकून पाहतांना तिच्या अलंकारांतलें मोतीं गळून भोंकावर बसलें, पात्र बुडलेंच नाहीं आणि मुहूर्त टळला. फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरांत आढळणारी ही कथा इतिहास म्हणून फारशी टिकत नाहीं. परंतु यंत्राच्या स्वभावाचें तिच्यांतलें वर्णन अगदीं खरें आहे. भोंकांत केराचा कण अडकला कीं पाण्याचें घड्याळ फसलेंच.

युरोपांतील वजनावर चालणारीं जुनीं घड्याळें ह्याहून फार शहाणीं होतीं असें नव्हे. दोरीला टांगलेलें वजन खालीं उतरतांना चाकें फिरवतें हें खरें. पण त्याला मोकळें सोडलें तर तें धाडकन् जमिनीवर येईल. तें ठराविक थांब्यांनीं उतरलें पाहिजे, आणि हा ठराविकपणा आणावा कोठून हीच अडचण होती. दिवसाकाठीं पाव तासाची चूक त्या काळीं क्षम्य मानीत. गॅलिलिओला लंबकाच्या झोक्यांतली नियमितता दिसली होती. १६४१ मध्यें, दृष्टि गेलेली असतांना, त्यानें मुलाच्या साहाय्यानें तशा घड्याळाचा आराखडाहि केला. परंतु चालणारें घड्याळ सिद्ध झालें तें हॉलंडमध्यें १६५६ च्या अखेरीस, ख्रिस्तियान हायगेन्स ह्याच्या हातून. चूक पाव तासावरून पाव मिनिटावर आली. यंत्रविद्येच्या इतिहासांत एका उडींत एवढी मजल क्वचितच मारली गेली असेल. पुढें १६७० च्या सुमारास नांगराच्या आकाराचा आंकडा आला. तो प्रत्येक झोक्याला चक्राचा एकेक दांता अडवतो व सोडतो, आणि जातां जातां लंबकाला हलकासा धक्काहि देतो. टिकटिक ऐकूं येते ती ह्या आंकड्याची.

घड्याळ स्थळाला बांधलेलें असतें ही गोष्ट मात्र लौकरच ध्यानांत आली. झां रिशे हा फ्रेंच ज्योतिषी १६७२ मध्यें दक्षिण अमेरिकेंतील विषुववृत्ताजवळच्या केयेन येथें गेला. पॅरिसमध्यें बिनचूक चालणारें त्याचें घड्याळ तेथें रोज अडीच मिनिटें मागें पडूं लागलें, आणि लंबक किंचित् आंखूड करावा लागला. विषुववृत्ताकडे गुरुत्वाकर्षण थोडें कमी असतें हें त्यावरून कळलें, आणि पृथ्वी ध्रुवांजवळ चपटी आहे हें सांगतांना न्यूटननें हा दाखला घेतला. हाच हिशेब पालीला लावून पाहावा. सेकंदाला एक झोका घेणारा लंडनचा लंबक सुमारें ९९४ मिलिमीटर लांब असतो. पालीच्या अक्षांशावर तो पावणेतीन मिलिमीटरांनीं कमी हवा. लंडनमध्यें जुळवलेलें घड्याळ तसेंच आणून येथें टांगलें तर रोज दोन मिनिटें मागें पडेल, आणि घरधनी बिचाऱ्या कारागिराला दोष देत बसेल. उपाय सोपा आहे. लंबकाच्या गोळ्याखालीं फिरकी असते. ती फिरवून गोळा एक मिलिमीटर वर घेतला कीं दिवसाला ४३ सेकंद वाढतात.

आतां लांकडाविषयीं. लांकडी चाकांचें घड्याळ ही थट्टेची वस्तु नव्हे. जॉन हॅरिसन हा मूळचा सुतार. त्यानें १७१३ पासून ओकच्या चाकांचीं घड्याळें केलीं. ब्रॉकल्सबी पार्क येथें १७२२ च्या सुमारास त्यानें बसविलेल्या घड्याळांत तर अंगचेंच तेल सुटणारें लांकूड वापरलें, म्हणून त्याला वंगण लागत नाहीं. तें अद्याप चालतें. जर्मनीच्या काळ्या अरण्यांतले शेतकरी घरबसल्या लांकडी घड्याळें करीत. अमेरिकेंत ईलाय टेरीनें १८०७ ते १८१० ह्या काळांत पाणचक्कीच्या बळावर चार हजार लांकडी यंत्रें तयार केलीं. पण हा माल समुद्रानें दूर धाडणें धोक्याचें होतें. खाऱ्या दमट हवेनें लांकूड फुगतें, दांते एकमेकांत रुततात आणि यंत्र अडतें. १८३८ च्या सुमारास चौन्सी जेरोमनें पितळी पत्र्याचीं स्वस्त चाकें काढलीं, आणि तेव्हां कोठें अमेरिकन घड्याळ समुद्रापार जाण्यास मोकळें झालें. मुंबईहून बोटीनें रत्नागिरीच्या बंदरांत उतरलेलीं घड्याळें म्हणूनच बहुतेक पितळी चाकांचीं आणि किल्लीचीं. लांकूड राहिलें तें पेटींत आणि पुष्कळदां लंबकाच्या दांडींत.

दांडी लांकडाची असावी ह्याला कारण आहे. उष्णता दहा अंशांनीं वाढली तर लोखंडी दांडी लांबून घड्याळ दिवसाला पांच सेकंद मागें पाडते; लांकडाच्या दांडीला उभ्या रेषांच्या दिशेनें ह्याच्या निम्म्याहून कमी फरक पडतो. तिचें वैर ओलाव्याशीं. कोंकणच्या पावसाळ्यांत उघडी दांडी पाणी पितेच. सरळ रेषांचें, मुरलेलें लांकूड घेऊन त्यावर रोगणाचे हात द्यावे लागतात, टोंकांनाहि. वजनाच्या घड्याळाला आणखी एक पथ्य. पेटी भिंतीला घट्ट आंवळलेली नसेल, तर उतरत आलेलें वजन गोळ्याच्या पातळीला येतांच तेंहि डुलूं लागतें, लंबकाची शक्ति खातें आणि घड्याळ बंद पडतें. आठवड्याच्या ठराविक दिवशींच बंद पडणाऱ्या घड्याळाचें गूढ बहुधा एवढेंच. टिक आणि टिक ह्यांमधील अंतर समान आहे कीं नाहीं हें डोळे मिटून ऐकावें. लंगडी चाल असेल तर पेटी किंचित् कलती करून ती सारखी करावी. तेल द्यावयाचें तें पितळी यंत्राच्या आंसांना, थेंबभर, दांत्यांना नाहीं. घरांतलें खोबरेल तर मुळींच नको, कारण तें थंडीत थिजतें आणि पुढें चिकट होऊन धूळ धरतें. ह्या सगळ्याच्या मोबदल्यांत वजन एक गोष्ट देतें, जी पोलादी कमान देऊं शकत नाहीं. किल्ली दिल्याबरोबर कमानीचा जोर अधिक आणि शेवटीं कमी. वजनाचा जोर पहिल्या दिवशीं जेवढा तेवढाच शेवटच्या दिवशीं.

एवढें करूनहि कांटे कोठें ठेवावयाचे हा प्रश्न उरतो, आणि त्यावरून भांडणें झालीं. मुंबईची स्थानिक वेळ हिंदुस्थानच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें आहे. १८८१ मध्यें सर जेम्स फर्ग्युसन ह्या गव्हर्नरांनीं मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली. ती दोन वर्षांत मागें घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली, आणि त्याच महिन्यांत मुंबईच्या गिरण्यांतील हजारों मजुरांनीं काम सोडलें, दगडहि फेंकले. आंकडा तोच, पण भोंगा उजाडण्याच्या ३९ मिनिटें जवळ सरकला. ही झोंप कोणाची कापली गेली तें रत्नागिरी जिल्ह्यांतल्या घरांना वेगळें सांगावयास नको होतें, कारण गिरणींत उभा राहणारा पुष्कळसा मजूर तेथलाच. मुंबईंत कांहीं ठिकाणीं जुनी वेळ १९५५ पर्यंत पाळली गेली.

पालीचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारें ३६ मिनिटें मागें चालतो, आणि तोहि वर्षभर एकसारखा नाहीं. फेब्रुवारीच्या मध्याला तेथें मध्यान्ह १२ वाजून ५० मिनिटांनीं, तर नोव्हेंबरच्या आरंभीं १२ वाजून २० मिनिटांनीं होतो. मे महिन्याच्या ८ तारखेच्या सुमारास भर दुपारीं उभ्या काठीची सांवलीच नाहींशी होते. ऑगस्टच्या ५ तारखेच्या सुमारासहि होते, पण तेव्हां आकाश दिसत नाहीं. १९२७ मध्यें मुंबईचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें. त्यापूर्वीं तारऑफिसापासून दूर असलेल्या घरांत मृगापासून पुढें तीन महिने घड्याळ ताडून पाहण्यास कांहींच साधन नसे. लंबक झोके घेई, दर आठवड्याला वजन वर ओढलें जाई, आणि भाद्रपदांत ऊन पडलें म्हणजे कोणी तरी अंगणांत काठी रोवून तें किती चुकलें तें पाही.