मान्यता नसतानाही कौन्सुलेट कसे चालते?

नोव्हेंबर 2024 मध्ये तालिबान सरकारने मुंबईच्या अफगाण कौन्सुलेटमध्ये इक्रामुद्दीन कामिल यांची नेमणूक केली, तेव्हा आमच्या ओळखीपाळखीत एकच सवाल फिरत होता: म्हणजे भारताने तालिबानला मान्यता दिली का? नाही. सरकारला मान्यता देणे, राजदूत ठेवून घेणे आणि कौन्सुलेट चालू देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दूतावास राजधानीत बसून सरकारशी बोलतो. कौन्सुलेटचे काम माणसांशी: पासपोर्ट, व्हिसा, जन्म-निकाहाचे दाखले, परदेशात कोणी वारले तर मय्यत घरी पाठवण्याचे कागद. 1963 च्या व्हिएन्ना करारात तर स्पष्टच आहे की राजनैतिक संबंध तुटले म्हणून कौन्सुलेटचे संबंध आपोआप तुटत नाहीत.

याचे एक जुने उदाहरण आपल्याच शहरातले. भारताने 17 सप्टेंबर 1950 ला इस्रायलला मान्यता दिली, पण दिल्लीत दूतावास उघडू दिला नाही. अरब देशांशी असलेले नाते हे त्यामागचे एक मोठे कारण. 1953 पासून मुंबईत फक्त कौन्सुलेट होते, आणि भारताचे तेल अवीवला तेवढेही नव्हते. त्याच काळात आपल्या रायगडकडचे बेने इस्रायली शेजारी कुटुंबेच्या कुटुंबे घेऊन इस्रायलला गेले. हे कार्यालय किती नाजूक धाग्यावर होते ते 1982 मध्ये दिसले. कौन्सुल योसेफ हासीन यांनी वृत्तपत्राला मुलाखत देऊन भारताच्या परराष्ट्र धोरणावर टीका केली आणि सरकारने त्यांना देश सोडायला लावला. कार्यालय मात्र राहिले. पूर्ण संबंध जुळले ते 29 जानेवारी 1992 ला. पुढे हे कौन्सुलेट लोअर परळच्या एका टॉवरमध्ये आले.

तैवानची तऱ्हा निराळी. भारत बीजिंगच्या सरकारला मानतो, म्हणून पाटीवर 'तैवान'ही नाही आणि 'दूतावास'ही नाही. नाव आहे 'तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर'. दिल्लीत 1995 मध्ये, मुंबईत ऑक्टोबर 2024 मध्ये. चीनने निषेध नोंदवलाच.

उलटा प्रकारही आहे. पॅलेस्टाईनला भारताने 1988 मध्ये देश म्हणून मान्यता दिली, दिल्लीत त्यांचा दूतावासही आहे. पण आपले तिकडचे कार्यालय, जे 1996 मध्ये गाझात उघडले आणि 2003 मध्ये रामल्लाला हलवले, ते 'प्रतिनिधी कार्यालय'च म्हणवते.

अफगाणिस्तानात ऑगस्ट 2021 नंतर भारताने आपली माणसे परत आणली, जून 2022 मध्ये 'तांत्रिक पथक' पाठवले, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्याचा पुन्हा दूतावास केला. तेव्हाही मान्यता जाहीर केली नाही. मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलांच्या पासपोर्टची मुदत मात्र या वादासाठी थांबत नाही. अशा मुलांना घर भाड्याने देणाऱ्यांनी किंवा कॉलेजात मदत करणाऱ्यांनी एवढे करावे: कौन्सुलेटने दिलेला कागद कॉलेजला आणि परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला चालतो का, हे मुदत संपण्याआधीच विचारून घ्यावे.