रजोनिवृत्ती-चिकित्सा (बोदवड तालुका)

बीजकोशांचे कार्य मंदावून सलग 12 महिने पाळी न येणे म्हणजे रजोनिवृत्ती, आणि पाळीचा क्रम बिघडू लागल्यापासून तोपर्यंतची काही वर्षे म्हणजे तिचा संक्रमणकाळ. सुश्रुतसंहितेने आर्तवाचा अवधी 12 ते 50 वर्षे सांगितला आहे. अलीकडील भारतीय पाहण्यांत निवृत्तीचे सरासरी वय 46-47 च्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांच्या मानाने चार-पाच वर्षे अगोदर, आढळते.

बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यात कोरडवाहू कापसाच्या वेचणीचा भार स्त्रियांवर असतो, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात गेला म्हणजे अंगातून वाफा निघण्याची तक्रार सहजच उन्हाच्या खाती जमा होते. वास्तविक या वाफा छातीकडून चेहऱ्याकडे चढतात, काही मिनिटे टिकतात, मागे घाम आणि हुडहुडी ठेवून जातात, व पौषातल्या पहाटेसही पांघरूण फेकावयास लावतात. उन्हाशी त्यांचा संबंध नाही हे कळण्यास ही एक खूण पुरेशी आहे. दवाखान्यात केसपेपर काढल्यावर मात्र 'झोप लागत नाही', 'जीव घाबरतो', 'सांधे धरलेत' एवढीच हकीकत सांगितली जाते. योनिमार्गाचा कोरडेपणा व लघवीची जळजळ यांचा तर पुरुष डॉक्टरासमोर उच्चारही होत नाही, आणि डॉक्टरांनी आपण होऊन पाळीविषयी विचारले नाही, तर कॅल्शियमच्या गोळ्यांवर प्रकरण निकालात निघते. 45 च्या पुढील स्त्रीच्या बाबतीत निदानासाठी संप्रेरकांच्या खर्चिक तपासण्यांचीही सहसा जरूर नसते. नीट विचारपूस केली म्हणजे पुरे.

याच वयात अतिरक्तस्राव होऊ लागला की 'पिशवी काढून टाका' हा सल्ला महाराष्ट्रात फार सैलपणे दिला गेला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अनावश्यक गर्भाशय-छेदनाविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना अमलात आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सर्व राज्यांना दिला. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर निवृत्ती एका रात्रीत येते आणि वाफा अधिक तीव्र होतात. पस्तिशीतल्या स्त्रीची हाडे त्यामुळे अकाली ठिसूळ होऊ लागतात. अशा स्त्रीस, अन्य बाधा नसल्यास, निवृत्तीच्या स्वाभाविक वयापर्यंत संप्रेरके देणे शास्त्रसंमत आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याने हे सांगणे त्याच्या कर्तव्यात मोडते.

संप्रेरक-चिकित्सेत मुख्य द्रव्य इस्ट्रोजेन. ते गोळी, त्वचेवर लावावयाची जेल किंवा पट्टी या रूपांत देतात. गर्भाशय शाबूत असेल तर जोडीस प्रोजेस्टेरॉन अनिवार्य, अन्यथा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. 2002 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा संयुक्त औषधाचा भाग, स्तनकर्करोगाचे प्रमाण वाढल्यामुळे, मध्येच थांबविण्यात आला आणि जगभर या औषधाची धास्ती बसली; त्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, ही बाब मात्र वृत्तांच्या गदारोळात मागे पडली. साठीच्या आतील किंवा निवृत्तीस दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीस लाभ बहुधा अधिक, असा आजचा निर्वाळा आहे. स्तनकर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा गंभीर विकार किंवा अनिदानित रक्तस्राव असल्यास हे औषध वर्ज्य होय. तेथे व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिन यांसारखी संप्रेरकविरहित औषधे वाफा कमी करतात. केवळ कोरडेपणासाठी योनिमार्गात लावावयाचे इस्ट्रिऑल मलम पुरते.

रक्तदाब, साखर व वजन यांची नोंद बोदवडच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते. स्तनांची क्ष-किरण तपासणी, अस्तराचा तुकडा तपासणे, हाडांची घनता मोजणे यांसाठी बहुधा जळगाव गाठावे लागते, जेथे जिल्हा रुग्णालयास जोडून 2018 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या फेरीत एक दिवसाची मजुरी बुडते, आणि औषधाचा पहिला आढावा तीनेक महिन्यांनी घ्यावयाचा असल्याने ती पुन्हा बुडते. औषध मध्येच सुटण्याचे हेही एक कारण समजावे. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, मग ते थेंबभर का असेना, तर ही फेरी मात्र टाळू नये: घरगुती इलाजात वेळ न दवडता सोनोग्राफी व अस्तराची तपासणी रीतसर करून घ्यावी.