पाना आणि ओळख

कबनूरला मागावर माणूस ठेवताना मालक दोन प्रश्न विचारी. ‘किती माग चालवतोस?’ आणि ‘कुणाच्या ओळखीचा?’ पहिला प्रश्न हाताच्या कसबाचा, दुसरा माणसाचा. आज नोकरीच्या जाहिरातीत तांत्रिक ज्ञानाबरोबर ‘संवादकौशल्य’ मागतात, तेव्हा ही मागणी नवी वाटते. पण ती जुनी आहे, आणि तिचा इतिहास जॉबरच्या इतिहासात सापडतो.

मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना 1854 साली कावसजी दावर यांनी केली. पुढे गिरण्या वाढल्या, तसा खात्याखात्यात जॉबर आला. धोट्याची फेक वेळेत बसवणे, बिघडलेला माग चालू करणे हे त्याचे काम. पण मागणी कमीजास्त होई, कामगार गावी जात, म्हणून रोज सकाळी माणसे उभी करणेही त्याच्याकडेच आले. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस त्याच्याच ओळखीने कामाला लागे. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत अशा माणसाला सरदार म्हणत.

एकाच माणसाकडे पाना आणि ओळख दोन्ही आल्यावर व्हायचे तेच झाले. काम मिळवायला आणि टिकवायला दस्तुरी द्यावी लागे. 1929 साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्यावी, गिरणीत मजूर अधिकारी नेमावा, असे सुचवले. 1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना दरमहा कार्ड देण्याची पद्धत सुरू केली. पाना जॉबरकडे राहावा आणि माणसे निवडणे कचेरीकडे यावे, हा त्यामागचा हेतू. तरी जॉबर लगेच निष्प्रभ झाला नाही. त्याची सत्ता खात्याइतकीच चाळीतल्या आणि वस्तीतल्या संबंधांवर उभी होती, हे राजनारायण चंदावरकरांनी दाखवून दिले आहे.

आमच्या भागाची गोष्ट वेगळी. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे माग पसरले ते लहान लहान कारखान्यांतून, कबनूरसारख्या शेजारच्या गावांतही. आठ-दहा मागांच्या खर्चीवाल्याकडे कुठला मजूर अधिकारी? सूत व्यापाऱ्याचे, कामगाराला दिलेली उचल स्वतःच्या खिशातली. माणूस अर्ध्या बिमावर निघून गेला तर बुडणार तोच. त्यामुळे ‘कुणाच्या ओळखीचा?’ हा प्रश्न त्याच्या दृष्टीने जामीन मागणे होते. त्याला सरसकट दोष देता येत नाही.

पण त्या जामिनाची किंमत कोण देतो, हे मी पाहिले आहे. शाळा सुटल्यावर मी एका कारखान्यात कांड्या भरायला गेलो, तेव्हा माझ्याबरोबर सीमेपलीकडचा एक पोरगा उभा होता. तो चार माग चालवत असे. मी मागाला हातही लावला नव्हता. पण मला मामा होता, त्याला कोणी नव्हते. मी आत गेलो, तो पिशवी उचलून बसस्टँडकडे गेला. चाळीस वर्षे झाली, तरी त्याची पाठ आठवते.

मग माझ्या ध्यानात आले की ओळख म्हणजे माणूसपणाची परीक्षा नव्हे. माणूस पळून जाणार नाही, एवढेच ती सांगते. रात्रपाळीत शेजारच्या मागाची तार तुटली तर तो उठेल का, नव्या पोराला शिकवील का, चूक झाली तर सांगेल की लपवील, हे ती सांगत नाही. आमच्याकडचे चांगले जॉबर हे ओळखत. पण त्यासाठी ते माणसाला आठ दिवस मागावर उभा करून पाहत. मामा कोण, हे विचारत नसत.

आज मुलाखतीत ‘आमच्यात मिसळेल का?’ असे विचारतात. त्या प्रश्नामागे माणसाची वागणूक तपासली जाते की त्याचा गाव, भाषा आणि आडनाव, एवढे विचारणाऱ्याने स्वतःला विचारावे. गिरण्यांनी हे दोन धागे वेगळे करायला ऐंशी वर्षे घेतली. आपण ते पुन्हा गुंतवू नयेत.