शाहाचा पट आणि इंग्लंडचा खजिना

ब्रिटनच्या अर्थमंत्र्यास आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात, आणि या भारदस्त पदनामाच्या तळाशी बुद्धिबळाचा पट अंथरलेला आहे. आपला चतुरंग इराणात गेला, तेथून अरबांबरोबर युरोपात पोहोचला; राजा कोंडीत सापडताच उच्चारावयाचा फारसी 'शाह' मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काकुस' झाला, पटास 'स्काकारियुम' म्हणू लागले, आणि जुन्या फ्रेंचमधील त्याचेच 'एश्चेकिये' हे रूप नॉर्मन राज्यकर्त्यांच्या भाषेतून इंग्लंडात उतरले.

१२व्या शतकाच्या आरंभी, पहिल्या हेन्रीच्या कारकीर्दीत, हे नाव सरकारी जमाखर्चाच्या कचेरीस मिळाले. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने आपल्या संवादरूप लॅटिन ग्रंथात तेथील मेजाचे बारकाईने वर्णन केले आहे: लांबी १० फूट, रुंदी ५ फूट, वरचे काही खाली पडू नये म्हणून सभोवार चार बोटे उंच काठ, आणि त्यावर रेघांनी आखलेले काळे कापड. पेन्स, शिलिंग, पौंड, विसा, शेकडे, हजार असे रकाने असत. ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरीच्या मायकेलमसला परगण्याचा शेरीफ वसूल घेऊन रुजू झाला, की त्याच्याकडील येणे आणि त्याने केलेला भरणा सोंगट्यांनी समोरासमोर मांडीत. रोमन अंकांत वजाबाकी करणे मोठे जिकिरीचे. येथे मात्र रिकामे घरच शून्याचे काम करी, आणि अक्षरओळख नसलेल्यासही आपली बाकी उघड्या डोळ्यांनी पाहता येई. हिशेब सर्वांसमक्ष, सर्वांना दिसेल असा व्हावा, ही या पद्धतीची थोरवी मला शब्दाच्या व्युत्पत्तीहूनही मोलाची वाटते. फिट्झनीलने नावाचा खुलासा करताना पटाच्या आकाराबरोबरच खजिनदार व शेरीफ यांच्यातील या झुंजीचाही दाखला दिला आहे.

त्याच 'शाहा'पासून इंग्रजीत 'चेक' आला: प्रथम शह, मग अटकाव, मग तपासणी. मराठीतील 'शह' फारसीतून थेट आला, तर हा त्याचा भाऊबंद लॅटिन-फ्रेंचची वाट चालून आला. १८व्या शतकात धनादेशाच्या स्थळप्रतीस, बनावटीला तिच्यामुळे पायबंद बसे म्हणून, 'चेक' म्हणू लागले. पुढे ते नाव मूळ कागदासच जडले, आणि ब्रिटनमध्ये 'एक्सचेकर'च्या प्रभावाने त्याची अक्षरेही फ्रेंच वळणाची झाली.