रंजकयुक्त सांडपाण्याचे कवकीय शुद्धीकरण

कापड, कातडी आणि कागद उद्योगांच्या सांडपाण्यातील रंजके बुरशीकरवी शोषून घेण्याची किंवा त्यांचे रेणू तोडण्याची पद्धत.

सुती कापडाला लावलेले सगळे रंजक धाग्यावर बसत नाही. प्रतिक्रियाशील रंजकांचा बराचसा भाग धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जातो. उन्हाने विटू नयेत, धुण्याने उतरू नयेत म्हणूनच हे रेणू घडवलेले असतात. साहजिकच नेहमीच्या जैविक टाकीतल्या जिवाणूंनाही ते दाद देत नाहीत. प्राणवायूविना जगणारे जिवाणू ॲझो रंजकांचा बंध तोडतात खरे, पण मागे ॲरोमॅटिक अमाइने उरतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. पाण्याचा रंग गेला, विष राहिले!

इथे कामाला येतात ती लाकूड कुजवून पांढरे पाडणारी श्वेत-कूज कवके : फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम, ट्रॅमेटिस व्हर्सिकलर, आणि बाजारात मिळणारी धिंगरी अळंबीसुद्धा. लाकडातील लिग्निनाची रचना इतकी बेशिस्त असते की ठरावीक रेणूच ओळखणारे विकर तिथे निरुपयोगी ठरते. त्यामुळे ही कवके लिग्निन पेरॉक्सिडेज, मँगॅनीज पेरॉक्सिडेज, लॅकेज अशी फारशी निवड न करणारी विकरे पेशीबाहेर सोडतात. रंजकांची वलये त्यांच्या तडाख्यात सापडतात ती या स्वभावामुळे. लिग्निन पेरॉक्सिडेजचा शोध १९८३ मध्ये अमेरिकेत लागला. त्याच वर्षी ग्लेन आणि गोल्ड या संशोधकांनी फॅनेरोकीट बहुवारिक रंजकांचा रंग घालवते हे दाखवले. १९९० पर्यंत काँगो रेडसारखी ॲझो रंजकेही या यादीत आली.

ॲस्परजिलस आणि ऱ्हायझोपस यांचे मृत कवकजालही रंग शोषते. मात्र अशा वेळी रंजक नष्ट होत नाही, गाळात जाते.

इचलकरंजीसारखे वस्त्रकेंद्र ज्या जिल्ह्यात आहे, त्या कोल्हापुरातील शिवाजी विद्यापीठात या विषयावर बरेच काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संग्रहाच्या ॲस्परजिलस ऑक्रेशियसवरही या विद्यापीठात प्रयोग झाले.

चंचुपात्रातले यश कारखान्यात टिकवणे अवघड. श्वेत-कूज कवकांना आम्लधर्मी पाणी, साखरेसारखे खाद्य आणि काही दिवसांची सवड लागते. रंगखात्याचे पाणी मात्र गरम, अल्कधर्मी, खारट आणि अखंड वाहणारे. उघड्या टाकीत जिवाणू बुरशीवर मात करतात. म्हणून ती फोमच्या तुकड्यांवर किंवा दोडक्याच्या जाळीवर वाढवून वापरून पाहतात. क्षारांचे काय, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या पाण्याने नोय्यल नदीकाठची शेती बिघडली त्यात क्षारांचा वाटा मोठा होता. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली रंगकाम केंद्रे बंद करायला लावली. बुरशी रंग तोडते, मीठ नाही.

कापड उद्योगात कवकीय लॅकेज व्यापारी प्रमाणावर रुजले ते मात्र भलत्याच कामासाठी. १९९० च्या दशकापासून ते डेनिमवरील नीळ उडवून नव्या जीन्सला जुनाट रूप द्यायला वापरतात.